व्हिपलनंतरची रिकव्हरी मोजायची कशी? शीटमध्ये काय काय हवं?

एक्सेलवाला_रेसिडेंट
आमच्या युनिटमध्ये व्हिपलसाठी (स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम काढायचं मोठं ऑपरेशन) इरास प्रोटोकॉल (ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा म्हणून ठरवलेली पद्धत) सुरू होतोय आणि शीट बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सध्या तीनच कॉलम आहेत: ऑपरेशनची तारीख, डिस्चार्जची तारीख, मृत्यू. अजून काय टाकू? आणि ड्रेन (पोटात साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी) काढायला काही ठरलेला आकडा आहे का?

एचपीबी_सर्जन
डिस्चार्जच्या तारखेवर विसंबू नका. गाव लांब असलं की पेशंट ठणठणीत असूनही नातेवाईक ‘अजून दोन दिवस राहू द्या’ म्हणतात. त्याऐवजी हे बघा: दुखणं गोळ्यांवर भागतंय, आपलं आपण चालतोय, गरजेच्या निम्म्याहून जास्त कॅलरी तोंडाने जातायत, सलाइन बंद आहे, संसर्गाची लक्षणं नाहीत. पाचही जुळले तो दिवस लिहायचा. मृत्यू आणि पुन्हा भरती ९० दिवसांपर्यंत धरा, त्यासाठी फोन करावा लागतो. पेशंट गावाकडच्या दवाखान्यात भरती झाला तर तुमच्या रेकॉर्डला पत्ताच लागत नाही.

ड्रेनमधलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) ऑपरेशननंतर पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तपासायला पाठवा. पहिल्या दिवशी लिटरला ५००० युनिटच्या खाली असेल आणि ड्रेनचं पाणी संशयास्पद नसेल, तर ७२ तासांनी काढून टाका. स्वादुपिंडाचा रस गळतोय का ते ठरवायला तिसऱ्या दिवसापासून पुढे लॅबच्या सीरम (रक्तातल्या) अमायलेजच्या नॉर्मल कमाल मर्यादेची तिप्पट बघायची. मर्यादा १०० असेल तर ३०० च्या वर. इथे बरेच जण पेशंटच्या त्या दिवशीच्या सीरमची तिप्पट करतात, ते चूक. आणि नुसता आकडा वाढला, उपचार बदलावे लागले नाहीत, तर २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत तो बायोकेमिकल लीक (फक्त तपासणीत दिसणारी गळती), फिस्टुला (त्रास देणारी गळती) नव्हे.

वॉर्ड_इनचार्ज
रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) कधी काढली, परत कधी घातली आणि *का*, हे तीन कॉलम हवेतच. सवयीने पाचव्या दिवसापर्यंत ठेवली की कागदावर ग्रेड ए गॅस्ट्रिक एम्प्टिईंग डिले (पोट उशिरा रिकामं होणं, सगळ्यात सौम्य प्रकार) तयार होतो, पोट बिचारं चांगलं चालत असतं. ‘मोबिलाइज्ड’ (पेशंटला उठवून चालवलं) एवढंच लिहू नका, किती वेळा आणि किती मिनिटं ते लिहा.

ऑडिट_बघणारा
क्लेव्हियन-डिंडोत (ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीला ग्रेड देण्याची पद्धत) फक्त सगळ्यात मोठी गुंतागुंत मोजली जाते, म्हणून जोडीला सीसीआय (सगळ्या गुंतागुंतींचा मिळून एक स्कोअर) काढा. सोनोग्राफीखाली, पूर्ण भूल न देता एक पिगटेल (साचलेलं पाणी काढायची बारीक नळी) टाकला तर ग्रेड ३ए, सीसीआय स्कोअर २६.२. रक्त द्यावं लागलं आणि वर टीपीएन (शिरेतून पोषण), म्हणजे दोन ग्रेड २, तर २९.६. ग्रेड लहान, पण एकूण भार जास्त.

एक्सेलवाला_रेसिडेंट
ड्रेनसकट घरी पाठवलेला, बाकी काही त्रास नसलेला पेशंट कुठे टाकू?

एचपीबी_सर्जन
अमायलेज वाढलेलं असून ड्रेन तीन आठवड्यांच्या वर राहिला तर ग्रेड बी फिस्टुला. म्हणून ओपीडीत ड्रेन काढल्याची तारीखही शीटमध्ये घ्या. आणि पहिला आठवडा होत आला असताना ड्रेनमध्ये थोडंसं जरी ताजं रक्त दिसलं, तर ती मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते; शीट नंतर, आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन).