'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचनकट्ट्याला झेपेल का?

ऐरोली_सेक्टर८
आमच्या कट्ट्यावर आठ जण, दर पंधरा दिवसांनी भेटतो. पुढचं पुस्तक मोहिमेवरची भलीमोठी फँटसी घ्यायचं ठरलंय. निम्म्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत. बरेचसे ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचणारे. कोणती प्रत घ्यावी, भाग कसे पाडावेत? आणि टोल्किनचंच त्याआधीचं 'हॉबिट' आधी वाचायलाच हवं का?

पारसिक_बोगदा
बिनधास्त घ्या. फक्त तीन खंड मोजू नका, सहा पुस्तकं मोजा. टोल्किनने कथा सहा पुस्तकांत लिहिली. १९५४-५५ मध्ये तिचे तीन खंड झाले ते प्रकाशनाच्या सोयीसाठी. प्रकरणं अनुक्रमे १२, १०, ११, १०, १०, ९. पंधरवड्याला एक पुस्तक धरलं तर तीन महिन्यांत काम होतं.

एकखंडी प्रत हजार पानांच्या वर जाते, दांडी धरून वाचता येणार नाही. सुटे खंड घ्या, शक्यतो २००४ नंतरचे. पुस्तकाला पन्नास वर्षं झाली तेव्हाच्या त्या आवृत्तीत मजकुरातल्या पुष्कळ चुका दुरुस्त केल्यात. नकाशाचा फोटो मोबाइलवर ठेवा.

आता माणसं गळतात कुठे. पहिली जागा प्रस्तावना. तिचा फक्त चौथा भाग वाचा, अंगठी कशी सापडली तो. 'हॉबिट' न वाचता तेवढ्यावर भागतं. प्रस्तावनेतलं तंबाखूचं पुराण नंतर. पहिल्या दोन प्रकरणांत १७ वर्षं सरतात, सिनेमात ती जाणवतच नाहीत. कथेचा नायक फ्रोडो सुरुवातीच्या मेजवानीला ३३ वर्षांचा, घर सोडताना ५०.

पहिल्या पुस्तकातली प्रकरणं ६ ते ८ टॉम बॉम्बॅडिल या जंगलातल्या अवलियाची. सिनेमात नाहीत म्हणून लोक सरळ उडवतात. सहा-सात एक वेळ चाळा, आठवं सोडू नका. तिथल्या थडग्यातून मिळालेला एक खंजीर पाचव्या पुस्तकात काय करतो ते कळायला हवं.

सगळ्यात मोठी खिंड म्हणजे दुसऱ्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण, एलरॉन्डची सभा. पानंच्या पानं बोलणं, तेही न भेटलेल्या माणसांबद्दल. हे गाडीत नको. घरी एका बैठकीत वाचा आणि कोण कुठून आला, काय बातमी आणली, एवढंच कागदावर टिपा.

उपवनकाठ
'हॉबिट'बद्दल मतभेद. १९३७ चं छोटं पुस्तक आहे, वेळ असेल तर आधी वाचाच. त्याच्या नायकाने, बिल्बोने, अंगठीच्या आधीच्या मालकाला, गोलमला, का मारलं नाही हे मनात मुरलेलं असलं की शेवट वेगळाच लागतो.

शिवाय तिसरं आणि चौथं पुस्तक वाचा वेगवेगळं, पण चर्चा एकत्र करा. तिसऱ्यात फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम दिसतच नाहीत. चौथं काळात मागे जाऊन फक्त त्यांच्याबरोबर चालतं. सिनेमा दोन्ही धागे आलटूनपालटून दाखवतो, त्यामुळे इथे हमखास गोंधळ. परिशिष्ट ब मध्ये तारीखवार नोंदी आहेत, पण त्यात शेवटही फुटतो! आधी वाचलेल्या कुणाकडून या दोन पुस्तकांपुरताच तक्ता करून घ्या.

ऐरोली_सेक्टर८
भारी. बाकीची परिशिष्टं? टोल्किनचंच 'सिल्मारिलियन'?

पारसिक_बोगदा
परिशिष्ट अ मधली अॅरागॉर्न-आर्वेनची प्रेमकथा सहाव्या पुस्तकानंतर लगेच. बाकी संदर्भापुरतं. 'सिल्मारिलियन' आत्ता नकोच. कादंबरी नाही ती, पुराण आहे.

खारघरची_टेकडी
दुसऱ्या पुस्तकापर्यंत दोघं-तिघं गळालेच तर त्यांना उर्सुला ले ग्विनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) द्या. दहाच प्रकरणं, ठाणे-वाशीच्या फेऱ्यांत आरामात संपतं. लढाया जवळपास नाहीत. नायक स्वतःच मोकळ्या केलेल्या सावलीमागे बेटाबेटांतून फिरतो. नकाशा तिथेही लागेल.