घुबड दिसायला मिनिटभर का लागलं?

पानगळ: मित्राने फोटो पाठवला, नुसतं झाडाचं खोड. म्हणे, घुबड शोध. मी फोन आडवा केला, उभा केला, फोटो मोठा केला. सालीशिवाय काही नाही. मिनिटभराने एक डोळा सापडला आणि अख्खं घुबड खोडापासून सुटं झालं. आता तो फोटो पूर्वीसारखा दिसतच नाही. मेंदूतले वरचे भाग खालच्या भागांना उलट निरोप पाठवतात असं वाचलंय. हे तेच का?

दीडशहाणा: एकदा कळलं की कळलं. त्यात मेंदू कशाला आणताय?

रेघोटी: उलटे निरोप खरे आहेत, पण तुमचा मिनिटभर त्यांच्या माथी मारू नका. त्यांचं काम मिलिसेकंदांत चालतं.

डोक्याच्या मागच्या बाजूला व्ही-१ नावाचा भाग आहे, डोळ्यांकडून आलेली खबर मेंदूच्या सालीत आधी तिथे पोचते. तिथली प्रत्येक पेशी जगाकडे एका बारीक भोकातून बघते. भोकात तिरपी रेघ आली की ती पेटते. ती रेघ पिसाची की सालीची, हे भोकातून कळणार कसं?

व्हिक्टर लामे यांनी १९९५ साली माकडांवरचा प्रयोग छापला. पडदाभर एकीकडे झुकलेल्या रेघा, मधल्या चौकोनात उलटीकडे झुकलेल्या. पेशीच्या भोकात दोन्ही वेळा तीच रेघ, फक्त एकदा चौकोनातली, एकदा पार्श्वभूमीतली. चित्र समोर आल्यावर साधारण ४० मिलिसेकंदांना पेशीच्या आलेखात पहिली उसळी येते, ती दोन्ही वेळा सारखीच. ८० ते १०० च्या सुमारास आलेखाला फाटा फुटतो: रेघ चौकोनातली असेल तर पेशी जास्त जोरात बोलत राहते. असे आलेख बघण्यात माझी काही वर्षं गेली. पहिल्यांदा तो फाटा बघितला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

भूल दिलेल्या माकडात पहिली उसळी टिकते, फाटा मात्र जातो. म्हणून तो फाटा वरून येणाऱ्या निरोपांचा असावा.

पानगळ: पण शेजारच्या पेशी आपापसात बोलून हे ठरवत नसतील कशावरून?

रेघोटी: बोलतात की. कडा कुठे आहे हे बरंचसं तसंच ठरत असावं. पण व्ही-१ मधले आडवे तंतू फार सावकाश, निरोप सेकंदाला मीटरभरसुद्धा जात नाही. वरून खाली येणारे तंतू त्यांच्या दसपट वेगवान.

शेजारच्या व्ही-२ भागातल्या काही पेशींना तर कडेचा मालक कळतो. फुलदाणी की दोन चेहरे, ते रुबिनचं चित्र आठवा: कडा एकच, पण ती फुलदाणीची की चेहऱ्याची? २००० साली झोऊ, फ्रीडमन आणि फॉन डेर हाइट यांनी अशा पेशी दाखवल्या. आकृती कडेच्या एका बाजूला असली की पेशी जोरात, दुसऱ्या बाजूला असली की मंद. हा फरक उत्तर सुरू झाल्यावर लगेच दिसतो. मोठी आकृती असली तरी फारसा उशीर होत नाही. आडव्या तंतूंनी इतक्या लांबची खबर इतक्या लवकर आणणं कठीण, म्हणून मी वरच्या भागांच्या बाजूने. सगळे मानतात असं मात्र नाही.

आणि हे निरोप चित्र तयार करत नाहीत. आधीच बोलणाऱ्या पेशींचा आवाज कमीजास्त करतात, एवढंच.

दीडशहाणा: मग घुबडाचा मिनिटभर कुठे गेला?

रेघोटी: डोळे सेकंदाला तीनेक वेळा उडी मारतात. म्हणजे मिनिटात दीड-दोनशे वेळा हे खाली-वर झालं, आणि दर वेळी पिसं सालीच्याच गटात गेली. पिसांवरच्या रेघा सालीसारख्याच, वेगळं काढायला कडाच नाही. डोळा सापडला तेव्हा वर ‘घुबड’ हा अंदाज आला. तोवर खाली पाठवायला होतं काय? म्हणजे ‘एकदा कळलं की कळलं’ यात तुम्ही अगदीच चुकीचे नाही.

पानगळ: आज फोटो उलटा करून भावाला दाखवला. त्याला अजून सापडलेलं नाही. मला उलटंही दिसतंय.

दीडशहाणा: अहो, आधी तो फोटो इथे टाका की!