रुळणं आणि करमणं: एकच की वेगळं?

परदेशी येऊन मला तिसरा महिना चालू होता. फोनवर आईने लागोपाठ दोन प्रश्न विचारले. "रुळलीस का गं?" आणि माझं "हो" पुरतं व्हायच्या आत, "आणि करमतं का?" पहिल्याचं उत्तर चटकन आलं होतं. दुसऱ्याला मी नुसतं "हं" म्हटलं आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागले. आईला ते कळलं असणारच. पण तिने हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. म्हणून हा धागा.

आधी रुळणं. रुळलेली वाट म्हणजे जाऊन-येऊन पायाखालची झालेली वाट. त्या तिसऱ्या महिन्यात माझं असं झालं होतं, की स्टेशनवर नेमकं कुठे उभं राहिलं की गाडीचं दार समोर येतं हे पायांना कळायला लागलं होतं. मनात दुसराच विचार असायचा आणि पाय आपोआप त्या खांबाशी जाऊन थांबायचे. ऑफिसात कोणाला लिहूनच विचारायचं आणि कोणाच्या टेबलाशी नुसतं जाऊन उभं राहिलं तरी चालतं, तेही उमगलं होतं. याला मी रुळणं म्हणते. ('रुळावर येणं'शी याची गल्लत करू नये. तिथला रूळ आगगाडीचा. आपल्याकडे गाडी १८५३ साली धावली, म्हणजे तो वाक्प्रचार त्यानंतरचाच. शिवाय रुळावर येतं ते घसरलेलं असतं. रुळणारा माणूस घसरलेला नसतो, नवा असतो.)

करमणं मात्र अगदी वेगळ्या जातीचं क्रियापद आहे. "मी करमते" असं कोणी म्हणत नाही. "मला करमतं". भूक लागते, थंडी वाजते, रडू येतं, त्याच गोतातलं हे. ज्याला होतं तो वाक्यात 'मला' होऊन बसतो, त्याच्या हातात काही नसतं. "मी रुळले" यात मी कर्ती आहे. मी खटपट केली, वाटा शिकले, माणसं ओळखली आणि रुळले. करमण्यासाठी अशी खटपट करता येत नाही. 'करमणूक' शब्द याच घरातला, पण करमणुकीनेही करमतंच असं नाही. "दिवसभर हिंडलो, करमणूक झाली, पण करमलं नाही" हे वाक्य मराठीत बिनचूक आहे, आणि ते ज्याने घरापासून लांबचा एखादा रविवार काढलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक. हा शब्द बहुतेक वेळा नकारात भेटतो. "करमत नाही" पावलोपावली ऐकू येतं. होकारात तो सहसा प्रश्न म्हणून येतो, नाहीतर "आता करमायला लागलंय" असा, सावकाश. ज्याला खरोखरच करमतं तो ते बोलून दाखवायला जात नाही.

'होमसिक'ला मराठी शब्द शोधताना लोक 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' सुचवतात. दोन्ही शब्द मुळात 'नॉस्टॅल्जिया'साठी वापरले जातात, आणि इथे मला अडचण वाटते. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझलला सादर केलेल्या प्रबंधात घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना. दूरदेशी राहणाऱ्यांना जडणारा खराखुरा आजार म्हणूनच त्याने त्याचं वर्णन केलं, आणि परक्या सैन्यांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांच्या बाबतीत तो पुढे फार चर्चेत राहिला. म्हणजे मूळ शब्दात वेदना आहे, आणि आपल्या 'स्मरणरंजना'त ती जाऊन रंजन आलंय! जुन्या वह्या चाळताना होतं ते स्मरणरंजन. रात्री अनोळखी खोलीत जाग येते आणि खिडकी कुठल्या भिंतीला आहे हे क्षणभर कळत नाही, त्याला रंजन कसं म्हणायचं? 'गतकातरता' जवळचा आहे, पण त्यात 'गत' आहे. घर गेलेलं नसतं. ते आहे तिथेच असतं, आपण तिथे नसतो.

माझं मत विचाराल तर 'होमसिक'ला मराठीत नाम शोधू नये. "करमत नाही" हे क्रियापद पुरेसं आहे. आता प्रश्न असा: "मी रुळलेय, पण करमत नाही" असं मी बोलून गेले, तेव्हा एका मराठी मित्राने हे परस्परविरोधी आहे असं म्हटलं. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद

विरोध अजिबात नाही. यात एक जोडी मी घालतो: रुजणं आणि लागणं. बी रुजतं, रोप लागतं. बागकाम करणारा माणूस "रोप रुजलं का" असं विचारत नाही, "लागलं का" विचारतो. वाढलेलं रोप उपटून दुसरीकडे लावलं की त्याची बारीक मुळं तुटतात, पाणी ओढता येत नाही, पानं माना टाकतात. खतपाणी सगळं असतं, तरी काही दिवस ते तसंच सुकल्यासारखं उभं असतं. परदेशात जन्मलेली मुलं तिथे रुजतात. आपण पंचविशी-तिशीत गेलेले, आपण लागतो किंवा लागत नाही. "मन लागत नाही" यातलं लागणंही मला हेच वाटतं.

प्रतिसाद

'परका' आणि 'पारखा' यांतला फरकही इथे हवा. परका आपल्याला दुसरे ठरवतात. पारखं मात्र कशाला तरी व्हावं लागतं: घराला पारखा, मायेला पारखा. परकेपण ओळखी वाढल्या की कमी होतं. पारखेपणाला नव्या ओळखींचा उपयोग नाही.

प्रतिसाद

तिसऱ्या महिन्यात रुळलात म्हणता, म्हणून सांगतो. १९५५ साली स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले बरे जुळवून घेतलेले दिसले, मधले त्या मानाने कमी. ही उतरती-चढती रेषा सगळ्यांना लागू पडत नाही, हे पुढच्या संशोधनांत दिसलं. पण सुरुवातीला चांगलं चाललेलं असताना मध्येच करमेनासं झालं, तर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजू नका. माझं सातव्या महिन्यात झालं होतं.

तुम्ही वर सहज "आपल्याकडे गाडी १८५३ साली धावली" असं लिहिलंत. हा शब्द जपा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत; 'आपण'मध्ये ऐकणाराही येतो. हिंदीतल्या 'हम'मध्ये हा भेद नाही. मला इथे येऊन चौदा वर्षं झाली. एकदा भावाने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे किती वाजले?" मी म्हटलं, "आमच्याकडे सकाळचे सात. तुमच्याकडे पाऊस आहे का?" आणि पुढचं वाक्य सुचेना. ज्या घरात मी वाढलो ते घर माझ्या तोंडून 'तुमच्याकडे' झालं होतं. व्याकरणात काही चूक नव्हती.

धागा काढणारीचं उत्तर

'लागणं' मनापासून पटलं. आईशी बोलताना आता तोच शब्द वापरणार आहे.

'आमच्याकडे, तुमच्याकडे' वाचून मात्र थांबले. गेल्या खेपेला सुट्टी संपवून निघताना, पिशवी उचलता उचलता मी आईला म्हटलं होतं, "घरी पोचले की फोन करते." तेव्हा काहीच जाणवलं नाही. विमानात बसल्यावर वाक्य आठवलं. मी आईच्या घरातून निघत होते, आणि 'घरी' म्हणाले होते ते भाड्याच्या त्या दोन खोल्यांना.

आईने तेव्हा शब्द दुरुस्त केला नव्हता. "हो, घरी पोचलीस की कर," एवढंच म्हणाली होती, आणि पिशवीचा दुसरा बंद तिने माझ्या खांद्यावर नीट बसवून दिला होता.