ग्रुप प्रोजेक्ट बंद करा म्हणे!

घाटमाथा: काल कोणीतरी लिहिलं, 'स्पेशियल स्टॅटच्या (नकाशावरच्या आकड्यांच्या सांख्यिकीच्या) प्रोजेक्टमध्ये एक राबतो, तिघे पीपीटी रंगवतात. बंद करा, लेखी पेपर घ्या.' वाचून डोकं फिरलं. दोष ग्रुपचा नाही, वाटणीचा आहे. एकाने डेटा साफ करायचा, दुसऱ्याने व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक किती वाढतो त्याचा आलेख), तिसऱ्याने क्रिगिंग (त्यावरून मधल्या जागांचा अंदाज), चौथ्याने रिपोर्ट, हे या विषयात चालतच नाही. पहिल्याने एकाच जागेचे दोन बिंदू तसेच सोडले की क्रिगिंगची मॅट्रिक्स सिंग्युलर होते, म्हणजे गणित सुटतच नाही, आणि तिसरा रिकाम्या नकाशासमोर रेंज (किती अंतरापर्यंत बिंदूंचा संबंध राहतो ते) बदलत बसतो. चौघांनी तोच डेटा घेऊन आपापला व्हेरिओग्राम बसवावा. ४० पर्जन्यमापक केंद्रं म्हणजे ७८० जोड्या. लॅग, म्हणजे अंतराच्या खान्याची रुंदी, बारीक घेतला तर पहिल्या खान्यात मोजक्याच जोड्या पडतात, नगेट (शून्य अंतराजवळही उरणारा फरक) वाट्टेल तिथे जातो. मोठा घेतला तर जवळचा चढउतार पुसला जातो. हे भांडण म्हणजेच प्रोजेक्ट.

नगेटशून्य: वा! चार व्हेरिओग्राम तपासणार कोण? नकाशा रंगीत दिसला की मार्क मिळतात. आणि अख्ख्या घाटाला एकच व्हेरिओग्राम? महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, जेमतेम २५ किमीवरच्या वाईला १००० सुद्धा नाही. सरासरी सगळीकडे सारखी, हे ऑर्डिनरी क्रिगिंगचं गृहीतकच कोसळतं. नुसती उंची घालूनही भागत नाही, उताराची वाऱ्याकडची बाजू कुठली तेही लागतं.

पी-व्हॅल्यू पाटील: पाऊस राहू द्या हो. पोरं आपटतात ती जिल्ह्यांच्या मोरान्स आयवर (शेजाऱ्यांचे आकडे एकमेकांसारखे आहेत का ते मोजणारा निर्देशांक). २०११ च्या जनगणनेत जिल्हे ३५, आजच्या शेपफाइलमध्ये (सीमांच्या नकाशाच्या फाइलमध्ये) ३६. नावाने जोडलं की अखंड ठाण्याचे १ कोटी १० लाख लोक उरलेल्या ठाण्यात कोंबले जातात आणि त्यातून नंतर वेगळा झालेला पालघर कोरा. मग 'ठाणे हॉटस्पॉट' म्हणून निष्कर्ष!

घाटमाथा: पालघर-ठाणे डिझॉल्व्ह करायचं, म्हणजे पुन्हा एक करायचं, झालं ३५.

पी-व्हॅल्यू पाटील: झालं कसं? तालुकानिहाय आकडे आहेत. पालघरचे ८ तालुके वेगळे बेरजेत घ्या, ३६ मिळतात. आळशीपणाला पद्धत म्हणू नका.

नगेटशून्य: धागा कशावर आहे, पाटील?

पी-व्हॅल्यू पाटील: यावरच! लेखी पेपरात हे कुठे कळणार? सीमारेषांत फट असली की मुंबई शहराला शेजारी शून्य, प्रोग्राम एरर देतो. पोरं शून्य शेजारी चालवून घेण्याचा पर्याय लावून मोकळी. आणि प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत)? सगळं राज्य युटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात टाकतात. तो ७८ अंश रेखांशाला संपतो, नागपूर-गडचिरोली ४४ मध्ये.

घाटमाथा: राज्यभरासाठी एकच लॅम्बर्ट कॉनिक प्रोजेक्शन घ्या, प्रश्न मिटला. अंशांत अंतर मोजणाऱ्यांपेक्षा ४३ वाले परवडले.

नगेटशून्य: बरं बाबा, ठेवा तुमचे ग्रुप. पण तोंडीला चिठ्ठी टाकून कोणालाही काहीही विचारा. रिपोर्टवाल्याला 'कटऑफ, म्हणजे जोड्यांसाठी कमाल अंतर, किती घेतला, का?' उत्तर नाही आलं तर चौघांचे मार्क कापा.

घाटमाथा: चौघांचे का? त्याचेच कापा.

नगेटशून्य: मग ग्रुप कसला?

पी-व्हॅल्यू पाटील: आणि त्याला मुंबई शहराचे शेजारी विचारायला विसरू नका.