फ्युएल सिस्टीम क्लिनिंग खरंच दर सर्व्हिसिंगला लागतं का? मदत हवी आहे

मंडळी, गाडी पेट्रोल, साधी एमपीएफआय (इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारणारी), साठ हजार किमी झालेत. सर्व्हिसिंगला टाकली की जॉबकार्डवर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) क्लिनिंग आधीच लिहिलेलं असतं आणि नको म्हटलं की सल्लागार असा बघतो जणू मी इंजिनाच्या जिवावर उठलोय. मॅन्युअल पुढून मागून चाळलं, एअर फिल्टर आहे, प्लग आहेत, कूलंट आहे, पण शेड्यूलमध्ये इंजेक्टर क्लिनिंगचं नावच नाही. मग हे दर दहा हजाराला आलं कुठून?

सरळ नाहीच म्हणून टाकलं असतं, पण हल्ली गाडी थंड असताना आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आरपीएमची सुई वरखाली नाचते आणि पहिल्या गिअरला निघताना किंचित अडखळते, गरम झाली की सगळं गायब. चेक इंजिन लाइट नाही. मायलेज जरा उतरलंय, पण माझं चालवणंही जवळजवळचंच असतं त्यामुळे त्यावर भरवसा नाही. हे इंजेक्टरचंच का? टाकीत ओतायची बाटली पुरते की रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) मशीन लावूनच करावं लागतं?

प्रतिसाद १:
शेड्यूलमध्ये नाही ना, मग लक्षण दिसलं तरच करायचं, किमी मोजून नाही. तुमच्या जागी मी आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बघितली असती, तिच्यातल्या बटरफ्लायच्या (झडपेच्या) कडेला काळा चिकट थर बसला की आयडल असंच नाचतं. मग प्लग काढून बघा. त्यानंतर स्कॅनर लावा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) सतत +१० टक्क्यांच्या वर असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय, तेव्हा इंजेक्टरवर संशय घ्यायला अर्थ आहे (व्हॅक्यूम पाइप आधी तपासा, फुकटचं काम आहे). बाटली घ्यायचीच तर पीईए (कार्बन साफ करणारं रसायन) असलेली घ्या, टाकी खाली आली की ओता आणि वर फुल करा म्हणजे नीट मिसळते. वर्षातून एकदा पुष्कळ झालं.

प्रतिसाद २:
वरचं सगळं एमपीएफआयला लागू. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे टाकीत काहीही ओता, व्हॉल्व्हवरचा कार्बन तसाच राहणार. डिझेलवाल्यांनी बाटल्यांपेक्षा फिल्टर वेळेवर बदलावा आणि त्यातलं पाणी काढावं. आणि धागाकर्ते, टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका, पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही, आधी थ्रॉटल बॉडीच करतो. एक राहिलं, साफ केल्यावर आयडल रिलर्न (कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवणं) म्हणतात ते स्कॅनरशिवाय घरी होतं का? इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, हाताने फ्लॅप ढकलायचा नाही एवढंच ऐकून आहे.