घरचा खाऊ आणि परदेशातलं कस्टम: तुमचे अनुभव सांगा

लातूरची लेक

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन भावाकडं मेलबर्नला जाऊन आले, तीन आठवडे. जायच्या आधी पंधरा दिवस घरात निसता भाजण्याचा वास. शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची, येसर, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, आईनं सगळं केलं आणि वर बाबांनी कुंथलगिरीचे पेढे मागवले दोन किलो, कारण भावाला ते लहानपणापासून लै आवडतात. ऑस्ट्रेलियात दुधाचं चालत नाही हे मला माहीत होतं, बाबांना दोनदा बोललेही, पण ते म्हणले पेढा म्हणजे मिठाई, दूध थोडंच आहे, आणि मी गप बसले. ती माझी चूक.

उतरायच्या आधी जे कार्ड भरायचं असतं त्यावर खाण्याचं काही आणलंय का असा प्रश्न असतो. मी तिघांच्याही कार्डावर 'येस' केलं. बाबा घाबरले, म्हणले आपण होऊन कशाला सांगायलीस. पण मी भावाकडून ऐकलं होतं की तिथं खाणं सापडलं म्हणून दंड होत नाही, लपवलं म्हणून होतो, आणि तो साधासुधा नसतो, हजारो डॉलरपर्यंत जातो, टुरिस्टचा व्हिसासुद्धा तिथल्या तिथं रद्द करू शकतात.

टेबलावर सगळी बॅग उघडली. एक बाई होती, खूप शांतपणे एकेक पुडी बघितली. येसर काय असतं ते मला इंग्रजीत सांगता येईना, शेवटी म्हणलं भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाला घालून दळलेलं पीठ, आमटी करतात. चटण्या, येसर, कुरडया, खारोड्या परत दिल्या. पेढे बाजूला काढले. आपल्याकडं जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो आणि त्यांच्याकडं तो रोग नाही, म्हणून आपल्याकडचं दुधाचं ते आत घेत नाहीत, हे तिनं नीट समजावून सांगितलं. दंड एक डॉलरही नाही. पण ते डबे टाकले तेव्हा बाबा तिथंच उभे राहिले, हलेनात. अजूनही ते मला बघवत नाही.

म्हणून हा धागा. कोणत्या देशात काय नेलं, काय सुटलं, काय गेलं ते लिहा. आईबापांनी केलेलं टाकायची वेळ कुणावर येऊ नये एवढंच.

नांदेडकर

वाचून वाईट वाटलं ताई. आमचं तूप गेलं. बहिणीचं बाळंतपण लंडनला होतं, आईनं घरच्या म्हशीच्या लोण्याचं तूप कढवून दोन बाटल्यांत भरलं, पाच-सहा प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या. दूध आणि मांसाचं कुठलंही खाणं भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, युरोपातही तेच, हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. ज्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नाही ते हिरव्या वाटेनं जातात, आम्ही लाल वाटेनं गेलो आणि दाखवलं. दंड नाही केला, तूप ठेवून घेतलं. डिंकाचे लाडू आणले होते पण त्यातही तूप, म्हणून तेही मी आपणहून बाहेर काढले. आईला फोनवर सांगायला माझी जीभ उचलेना. बहिणीला मग तिथल्याच दुकानातलं लोणी आणून घरी कढवून दिलं, आणि खरं सांगतो चांगलं रवाळ झालं. पुढच्या वेळी डिंक, खारीक, सुंठ कोरडंच न्यायचं आणि लाडू तिथं वळायचे असं ठरलंय.

संभाजीनगरहून

दुबईला जाणाऱ्यांनी हे पूर्ण वाचा. खसखस. आपल्याकडं किराण्याच्या दुकानात मिळते म्हणून आपल्याला काही वाटत नाही, पण ती अफूच्या बोंडातलं बी आहे आणि अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, तिथं हे प्रकरण अमली पदार्थाचं होतं. जप्ती-दंडावर सुटत नाही, माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आम्ही चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा सासूबाईंनी अनारशांचा डबा भरून दिला होता. आदल्या रात्री शेजारचे काका भेटायला आले, बारा वर्षं आखातात काम केलेले, त्यांनी डबा बघितला आणि म्हणले वहिनी, हे काढा. अनारशाला वरून काय लावतो आपण? खसखसच. मग रात्री साडेअकराला सगळी बॅग पलंगावर उलटी केली. काळ्या मसाल्यातही खसखस होती, तोही काढला. सासूबाईंना राग नाही आला, त्या नुसत्या घाबरल्या, की आपल्या हातानं पोराला काय बांधून दिलं होतं.

सिंगापूरलाही खसखस चालत नाही. भाजून, वाटून, मसाल्यात घालून, कशीच नेऊ नका.

संभाजीनगरहूनच

वरच्या ताईंशी सहमत. हजला जाणाऱ्यांनाही खसखस नेऊ नका असं आधीच सांगतात. आमच्या अम्मीनं उमऱ्याला जाताना मसाला मुद्दाम वेगळा कुटला, बिनखसखसचा, आणि वर कागदावर लिहून चिकटवलं. खजूर घेऊन यायच्या देशात आपण काय काय नेतो बघा, भाकरी वाळवून नेली होती तिनं, कडक भाकरी. ती कुणी काढली नाही.

एक प्रश्न

लोणच्याचं काय हो? कैरीचं आहे, तेलात बुडालेलं. थायलंडला चाललोय.

धाराशिवकर

थायलंडला आमचं लोणचं कुणी विचारलं नाही, पण हातातल्या बॅगेत ठेवू नका, ते इथंच सिक्युरिटीला काढून घेतात. मोठ्या बॅगेत टाका आणि बरणीच्या तोंडाला प्लास्टिक लावून मग झाकण फिरवा. आणि दुसरं, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठंच टाकू नका. खोबऱ्यात तेल लई, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात ते धोक्याच्या सामानात मोडतं. आमची बॅग परत बोलावली, रांगेतून बाहेर काढून उघडायला लावली, सगळं कुटुंब उभं. खोबरं लागत असलं तर भाजून चटणीत कुटून न्या.

परभणीहून, शेतीखात्यातून रिटायर

मुलगी अमेरिकेत आहे, तीनदा जाऊन आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या वेळी स्वतःच्या झाडाचे केसर आंबे नेले, अकरा नग, प्रत्येक आंबा कागदात गुंडाळून. मराठवाड्याच्या केसरला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आपला आंबा म्हणून अभिमान होता मनात. सामान घ्यायच्या पट्ट्याजवळ एक छोटा कुत्रा आला, बीगल, माझ्या बॅगेजवळ येऊन शांतपणे खाली बसला. भुंकला नाही, काही नाही. तो बसला की समजायचं. फॉर्मवर मी फळ लिहिलेलं होतं म्हणून निभावलं, न लिहिणाऱ्याला पहिल्या वेळी ३०० डॉलरपर्यंत दंड बसतो असं तिथल्या माणसानं सांगितलं. आंबे गेले. आपला आंबा २००७ पासून अमेरिकेत जातो, पण तो विकिरण केलेला (कीड पसरू नये म्हणून किरणांचा मारा दिलेला), तपासणी झालेला, पेटीतला. हातातल्या पिशवीतल्या आंब्यात फळमाशीची अळी असली तर तिकडच्या बागांना ती महागात पडते. मी आयुष्यभर शेतकऱ्यांना फळमाशीचे सापळे लावा म्हणून सांगितलं आणि स्वतः जाताना हा विचार डोक्यात आला नाही, ह्याची खंत आहे.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत. तांदूळ, हरभरा, सोयाबीन आणि करडई हे दाणे आपल्याकडून प्रवासी सामानात तिथं नेता येत नाहीत. कारण खापरा भुंगा. साठवणीच्या धान्यातली सगळ्यात चिवट कीड, अळी खायला न मिळता वर्षानुवर्षं फटीत पडून राहते. म्हणून पोत्यातली मूठभर करडई का असेना, नेऊ नका. तेल काढून, दळून, भाजून जे होतं त्याची गोष्ट वेगळी असते, पण तेही फॉर्मवर लिहायचंच. हल्ली मी प्रत्येक पुडीवर ठळक अक्षरात इंग्रजीत लिहितो, पीनट चटणी पावडर, फ्लॅक्ससीड चटणी पावडर. वाचता आलं की ते पाच मिनिटांत सोडतात.

अंबाजोगाई, सध्या पुणे

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतरची पहिली मोठी सुट्टी, न्यूझीलंड. निघताना सासूबाईंनी ओटी भरली. गहू, नारळ, सुपारी, हळकुंड, खण. नारळ मी घरीच ठेवला, बाकीचं खणात गाठ मारून पर्समध्ये टाकलं आणि विसरून गेले. मधही नेला नव्हता, तिथं मधाचं फार कडक आहे म्हणून, एवढी काळजी घेतली होती. फॉर्मवर चटणी लिहिली, शेव लिहिली, ओटी लिहिली नाही कारण ते खाणं आहे असं मनातच आलं नाही. मशीनमध्ये दिसली. त्या माणसानं गाठ सोडली आणि गहू हातावर घेतले, तसेच्या तसे उगवतील असे गहू. ४०० डॉलर. मी रडले तिथं, पैशासाठी नाही, कचऱ्याच्या डब्यात ओटी गेली म्हणून. सासूबाईंना आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता घरातून निघताना ओटी घेते, नमस्कार करते आणि देवापुढं ठेवूनच बाहेर पडते. सुनांनो, पर्सचे सगळे कप्पे बघा.

जालन्याहून

कढीपत्त्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. ताजा कढीपत्ता ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत नेता येत नाही, आणि लोक म्हणतात पानानं काय होतंय. आमची मोसंबीची बाग आहे. कढीपत्ता हा मोसंबीच्याच कुळातला, त्याच्यावर सिट्रस सायला नावाची कीड असते आणि ती ग्रीनिंग रोग घेऊन फिरते. झाड पिवळं पडतं, फळ बारीक राहतं, शेवटी झाड काढून टाकावं लागतं. आमची ७० झाडं आम्ही स्वतःच्या हातानं काढलीत. त्यामुळं त्यांच्या बागायतदारांना कसली भीती वाटते ते मला बरोबर कळतं. नणंदेला मी चटणीतच कढीपत्ता कुरकुरीत तळून, कुटून देते, आणि ती फॉर्मवर लिहिते.

लातूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. नांदेडच्या दादांचं तूप ऐकून म्हणले, आपल्या एकट्याचंच गेलं नाही तर. भाऊ डिसेंबरमध्ये येतोय, पेढे तो इथंच बसून खाणार.

उदगीरहून

रविवारी मुलाकडं ऑकलंडला निघायलो दोघं. अंबाजोगाईच्या ताईंचं वाचून आत्ता बॅगा उघडल्या. माझ्या हातातल्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात धाकट्या जावेनं भरलेली ओटी निघाली, तांदूळ आणि वसमतचं हळकुंड. सोबत यांच्या बनियनच्या गठ्ठ्यात कागदात बांधलेली ज्वारी, नातवाला कणीस दाखवायचं म्हणून आणलेली. दोन्ही देवापुढं ठेवलंय.