मामाकडे जर्मनीला जायचंय, बाबांची सही अडलीय

कर्वेनगरची आई:
नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. माझा भाऊ श्टुटगार्टला असतो, मे महिन्यात तीन आठवडे त्याच्याकडे जायचं ठरवतेय. आमचा घटस्फोट दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने झाला, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींत, ताबा माझ्याकडे, एक आड एक शनिवार बाबांकडे. परदेशप्रवासाबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा आम्ही फ्लॅटच्या हप्त्यांवरून भांडत होतो, हे कुणाला सुचणार!

त्याच्या बाबांना फोन केला तर "घेऊन जा की, मी कुठं अडवतोय". संमतीपत्राचा मसुदा पाठवला, तेव्हापासून "बघतो". आज अठरावा दिवस. पुणेरी "बघतो" म्हणजे काय ते इथे सांगायला नको.

ताबा माझ्याकडे असताना त्यांची सही लागतेच का? विमानतळावर अडवतात का? त्यात मुलाचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. आणि चिरंजीवांनी वर्गात जाहीर करून टाकलंय.

तीन खेपा:
ताई, पासपोर्टपुरतं सांगते. दोघांच्या सह्या असतील तर परिशिष्ट 'डी', एकाचीच असेल तर 'सी', त्यात दुसऱ्याची संमती का नाही ते लिहायचं. २०१६ च्या डिसेंबरपासून हे साध्या कागदावर चालतं, नोटरी लागत नाही. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना निकालाची सगळी पानं न्या. मी घाईत एक पान घरी विसरले आणि कोथरूड ते मुंढवा पुन्हा रिक्षा केली.

निवृत्त वकील, सदाशिव पेठ:
भारतातून निघताना दुसऱ्या पालकाचं पत्र दाखवलंच पाहिजे असा सरसकट नियम नाही. विचारू शकतात, म्हणून जवळ असावं. न्यायालयाचा मनाई हुकूम असेल तर गोष्ट वेगळी.

तुमची खरी अडचण व्हिसाची. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांची संमती मागतात. पालकत्वाचे सगळे अधिकार एकट्या आईकडे असल्याचा निकाल असेल तर तो जोडता येतो. म्हणून टर्म्समधले शब्द नीट वाचा. नुसता ताबा म्हणजे पालकत्व नव्हे. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात वडील नैसर्गिक पालक आहेत. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईची बाजू बळकट केली, पण त्याने वडिलांचा हक्क पुसला जात नाही.

सही नाहीच मिळाली तर त्याच न्यायालयात परवानगीचा अर्ज करा. तारखा, भावाचा पत्ता, परतीचं तिकीट जोडा. आणि लवकर करा, मे महिन्यात न्यायालयालाही सुट्टी लागते.

शनिवारचा बाबा:
मीही "बघतो" म्हणणाऱ्यांतलाच. मुलीला तिची आई इंग्लंडला नेणार होती. मूल परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात नाही. म्हणजे ती तिकडेच राहिली तर त्या कराराची वाट मला बंद. हे वाचलं आणि पेन उचलवेना. तिला सरळ बोललो असतो तर बरं झालं असतं, पण मी नुसते फोन टाळले.

शेवटी तिने न मागता परतीची तिकिटं पाठवली, आणि रोज आपल्या रात्री साडेआठला मुलगी व्हिडिओ कॉल करेल असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी नोटरीकडे गेलो.

कर्वेनगरची आई:
टर्म्स काढून वाचल्या. "ताबा" एवढाच शब्द आहे.

शनिवारचा बाबा, तुमचं वाचून मी यांना फोन केला नाही, मेसेज केला. भावाचा पत्ता, परतीची तारीख, आणि बुडालेले शनिवार जूनमध्ये भरून देईन असं. दोन तासांनी उत्तर आलं: "तिकडे मे मध्ये स्वेटर लागतो का?"

येत्या शनिवारी मुलाला न्यायला येतील तेव्हा सही करतो म्हणालेत. वकीलसाहेब, पत्रात काय काय लिहू?

निवृत्त वकील, सदाशिव पेठ:
इंग्रजीत लिहा. मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सोबत कोण, कुठे उतरणार, जाण्यायेण्याच्या तारखा. सोबत वडिलांच्या पासपोर्टची किंवा आधारची प्रत. पण या शनिवारी फक्त 'डी'वर सही घ्या. नवा पासपोर्ट हातात आला की पत्र करा आणि तेव्हा नोटरीकडे जा, नाहीतर पत्रात जुना क्रमांक राहील आणि त्यांना पुन्हा सहीला बोलवावं लागेल.